गाठ मारलेला धागा

प्रिय खारूताई,

आधी एक काम कर. तुझ्या यंत्रातला तो निळा थर मोडीत काढायचं ठरवलंयस ना, ते हे पत्र वाचून होईपर्यंत थांबव. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की माझी जीभच रेटत नाही. दर वेळी जेवलीस का, झोपलीस का असलं काहीबाही विचारते आणि फोन ठेवून देते.

इकडे सगळं ठीक. निवृत्त झाल्यापासून तुझे बाबा घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल घालत सुटलेत, आता दारंच काय, माणसंही कुरकुरत नाहीत. माझं रफूचं टेबल दुकानाच्या खिडकीत तसंच आहे. तू लहानपणी त्याच्याखाली बसून माझी रिळं रंगाने लावायचीस. मी त्यातलं एखादं उचलून हे इथलं नव्हे म्हटलं की भांडायचीस, दोन्ही सारखीच म्हणून. मग खिडकीत नेऊन दाखवलं की स्वतःच ते रीळ योग्य जागी ठेवायचीस. माझ्या त्या डोळ्यांचा मला फार तोरा होता गं. माझं रफू शोधून दाखवा, असं मी गिऱ्हाइकांना खुशाल म्हणायचे. स्वतःची टिमकी वाजवायला कुणाची परवानगी लागते!

म्हणून तू ती साबणाच्या वडीएवढी डबी घेऊन आलीस तेव्हा कौतुक वाटलं आणि रागही आला. तू सेंद्रिय अर्धवाहक म्हणालीस, मी म्हटलं सेंद्रिय तर भाजी असते. किती हसलीस! मग समजावलंस, की ही कार्बनच्या पदार्थांची शाई, कॉलरला खळ लावावी तशी पातळ पसरायची. एक थर फक्त तांबडा उजेड पितो, एक हिरवा, एक निळा, दुसऱ्याच्या वाट्याला जात नाही, त्यामुळे मध्ये रंगीत काच लागत नाही. निळ्याने तुला किती रडवलं तेही सांगितलंस. डबी कापडाला टेकवली की तुझ्याच आवाजात रंग सांगायची. मी वरवर हसले. मनात मात्र आलं, पोरीला कळलं की काय? कारण सुईत धागा ओवायला मी कधीपासून तुझ्या बाबांना हाका मारत होते. ते डोळे तपासून घे म्हणाले, तर त्यांच्यावरच खेकसले.

मग तो हॉटेलचा मिशीवाला दरवान कोट घेऊन आला, खांद्यावर फाटलेला. मला कोट काळा दिसला. सहज डबी टेकवली, तर तुझा आवाज म्हणाला, निळा. पुन्हा टेकवली, पुन्हा निळा. माझं डोकं फिरलं. जन्मभर धागे जुळवले ते काय या डबीकडून शिकायला? काळा धागा घातला, आणि तुला फोन करून ठसक्यात सांगितलं, तुझं यंत्र काळ्याला निळं म्हणतंय. इथपर्यंत नुसती घमेंड होती. तू वादही घातला नाहीस. तुमच्या प्रयोगशाळेतली सगळी मापं बरोबर येत होती, तरी तू आईचा डोळा खरा मानलास. बाहेरची हवा लागली की निळा थर बिघडतो, असं स्वतःच ठरवून टाकलंस.

पुढच्या आठवड्यात दरवान परत आला. दिवसभर उन्हात उभा राहणारा माणूस तो. निळ्या कोटावरचं काळं रफू साहेबाला लांबून दिसलं, आणि सगळ्यांदेखत त्याला बोलणी खावी लागली. माझ्यावर आवाज नाही चढवला त्याने. हळूच विचारलं, मावशी, हल्ली काम दुसऱ्या कुणाला देता का? आणि मी हो म्हणाले, खारे! नवीन मुलगी ठेवलीय, तिच्या हातून झालं, असं बेधडक सांगून मोकळी झाले. तर तो म्हणाला, तिला रागावू नका, शिकेल. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू रडत होतीस, सगळी मेहनत पाण्यात गेली म्हणत होतीस. तेव्हा तरी सांगायचं? छे. होतं असं कधीकधी, म्हणून मी तुझी समजूत घातली. तुझी समजूत, मी! आठवलं की अन्न गोड लागत नाही.

काल डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. जग पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं होतं, निळ्या-काळ्यात फरक कळेनासा होतो, म्हणाल्या. ऑपरेशन होईल, त्याची काळजी करू नकोस. डबीला विचारून निळ्या धाग्याने पुन्हा रफू केलेला कोट न्यायला आला तेव्हा दरवानालाही सांगितलं की मुलगी-बिलगी कुणी नव्हती, मीच होते. आता राहिलीस तू. सोमवारी तू तुझ्या प्रमुखांपुढे उभी राहून निळा थर फसला म्हणणार आहेस. तसं म्हणू नकोस. माझ्या आईचा डोळा फसला आणि तिला ते कबूल करायची लाज वाटली, असं चारचौघांत सांग, मला चालेल. पाकिटात दोन धागे ठेवलेत. एक कोटातून उसवलेला काळा, एक आता घातला तो निळा. मला दोन्ही सारखेच दिसतात. डबी टेकवून बघितली, आणि तुझा आवाज ज्याला निळा म्हणाला त्याला गाठ मारली. खिडकीत नेऊन बघ.

तुझीच, तुझ्याच आवाजाला खोटं पाडणारी,
आई