वारेचे वजन

१८ नोव्हेंबर १९५७
बोर्ली पंचतनहून बैलगाडीने दुपारी पोहोचलो. कोळीवाड्यातले हे सूतिकागृह नवेकोरे आहे, भिंतींना अजून चुन्याचा वास येतो. मागच्या खोलीत आमचे बिऱ्हाड. माझ्या बायकोचा, राहीचा, आठवा महिना सरत आला. पहिले मूल कमी दिवसांचे होते, जगले नाही. म्हणूनच ही नोकरी धरली. समुद्र पाहून ती कितीतरी दिवसांनी हसली. काम सोपे आहे. मूल जन्मले की काट्यावर ठेवायचे, आईला महिने विचारायचे आणि दोन्ही लिहायचे. शाळा सातवीत सुटली, पण अक्षर चांगले म्हणून मला घेतले.

६ डिसेंबर
सुईण नीराबाई थट्टा करते. म्हणाली, "कारकून, मासली हाय का ती, जोखाया?" बायका हसल्या, मीही हसलो. मुले मात्र फार हलकी. नखे वाढलेली, पुऱ्या दिवसांची, पण वजन सातव्या महिन्याचे. काटा दोनदा तपासला. बरोबर आहे.

९ डिसेंबर
सोमवार, डॉक्टरांचा आठवड्याचा फेरा. म्हणाले, बायका महिने मोजायला चुकतात. ते गेल्यावर नीराबाई म्हणाली, शिमग्याला होड्या घरी होत्या, मग पुन्हा समुद्रावर; पोट राहिले ते तेव्हाच, चुकायचे कसे? मग बाकीचे वजन गेले कुठे, असे मी विचारले. ती बाळामागून पडलेली वार पुरायला निघाली होती. गाठोडे दोन्ही हातांनी धरले होते.

१२ डिसेंबर
नीराबाई नको नको म्हणत असता आज एका बाळंतिणीची वार जोखली. पौंडभर भरायला हवी. पाच भरली. मूल चार. आणि सुई थांबेना, वर, खाली, वर — श्वास घेतल्यासारखी. नीराबाई वारेकडे पाहत एवढेच म्हणाली, "आता तिला तुजा घर ठाव झाला."

१४ डिसेंबर
सुरूच्या बनात वार पुरतात, तिथे गेलो. खड्डे उघडे. कुत्र्यांनी उकरलेले नाहीत. वाळू आतून बाहेर पडली आहे.
गाडी ठरवली. उद्या राहीला माणगावला, तिच्या आईकडे —

१५ डिसेंबर
पहाटेच कळा. गाडी परत गेली. मुलगी. चार पौंड. दिवस पुरे होते, मी स्वतः मोजले आहेत —
वार मला दाखवली नाही. नीराबाईला गाठोडे उचलेना. ओढत नेले.

१६ डिसेंबर
भर दुपारी बनातून रडणे. डॉक्टर अजून नाहीत. आमची मुलगी गप्प, डोळे उघडे.
राही उठली. म्हणते, बाळ बाहेर रडते आहे, पाजून येते. मी कुशीतले दाखवले. तिने नीट पाहिले आणि विचारले, हे कोणाचे.
चोळी भिजली आहे तिची — मी दाराला पाठ लावून — रडणे थांबले. आता दाराशी, खाली, अगदी खाली, कोणी