माझ्या जावेला तिसऱ्यांचा वाफा मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
शिंपलेशेती विकास कार्यालय,
बोर्ज मालह विभाग, गाबेसचे आखात.

विषय : माझी थोरली जाऊ श्रीमती शादलिया यांना ओहोटीच्या चिखलातील एक वाफा तातडीने मंजूर करण्याबाबत, तसेच योजनेच्या भित्तिपत्रकातील आई दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : १) मला वाफा मंजूर झाल्याचे आपले पत्र. २) सदर भित्तिपत्रक, जे सध्या आपल्या जिन्यात, मासळीबाजारात व आरोग्य केंद्रात लावलेले आहे.

महोदय,

मी खाली सही करणारी सोंदेस, मुख्तार यांची पत्नी, आपल्या योजनेची लाभार्थी, पुढील बाबी आपल्या नजरेस आणू इच्छिते.

१. पूर्वी आमच्या किनाऱ्यावरच्या बायका विळा घेऊन ओहोटीच्या मागे मागे जात, चिखलात जिथे शिंपल्यांची दोन बारीक भोकं दिसतील तिथे खणत, आणि जिला जे सापडेल ते तिचे. आता आपले कार्यालय तिसऱ्यांचे बीज देते, वरून अंथरायला जाळी देते आणि वाफ्याला खुंट मारून बाईच्या नावाची पाटी लावते. माझे माहेर एल-केफचे, डोंगरातले. स्फाक्सच्या महाविद्यालयात मी सागरी जीवशास्त्र शिकले, तरी समुद्रात माझ्या नावाचा एक तुकडा असेल असे कधी वाटले नव्हते. याबद्दल मी आभारी आहे. या अर्जात पुढे काहीही लिहिलेले असले तरी ते आभार कायम समजावेत.

२. योजनेच्या अटींप्रमाणे हंगामात प्रत्येक ओहोटीला लाभार्थीने जातीने हजर राहायचे आहे व खुंटांच्या आत लहान मूल न्यायचे नाही. दोन्ही अटी मी पाळते. माझी मुलगी मलेक अजून दोन वर्षांची व्हायची आहे, आणि ओहोटी काही तिची झोप बघून येत नाही. सासूबाईंना तिच्यामागे धावता येत नाही, म्हणून ती घरी माझ्या जावेकडे, लल्ला शादलियांकडे, राहते; थोरलीला आम्ही मानाने लल्ला म्हणतो. लल्लांना मूलबाळ नाही. त्या मलेकला न्हाऊ घालतात, ब्सीसाचे भाजके पीठ कालवून भरवतात, आणि ती रडू लागली की मी जागची उठायच्या आत तिला गप्प करतात. त्यांच्या वागण्यात दोष शोधण्याचा मी बराच प्रयत्न केला. सापडला नाही. माझ्या तक्रारीचे मूळ तेच आहे.

३. मिठाने चेहरा फुटू नये म्हणून चिखलात जाताना आम्ही बायका शालीने तोंड गुंडाळतो, वर गवताची टोपी. डोळे तेवढे उघडे. एके दिवशी माझी शाल ओली होती म्हणून मी लल्लांची जुनी शाल गुंडाळून गेले. परतले तेव्हा मलेक अंगणात खेळत होती. मला पाहताच ती दोन्ही हात पसरून धावत सुटली. महोदय, ती माझ्याकडे अशी धावत आल्याचे मला आठवत नाही. मी विळा टाकला, टोपली टाकली, तिथेच गुडघे टेकले. तिने शालीत नाक खुपसले आणि म्हणाली, "यम्मा." आमच्याकडे आईला यम्मा म्हणतात. मी तोंडावरची शाल सोडली. तिने माझा चेहरा पाहिला, मान वळवून दारात उभ्या असलेल्या लल्लांकडे पाहिले, आणि ओठ काढून रडायला लागली.

"अगं, तिला वाटलं असेल, कोण ही बाई!" लल्ला मला धीर देत म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी चांगल्या मनाने उच्चारले, याची नोंद घ्यावी. त्यानंतर मी त्यांचाच साबण आणून वापरला, केसांना त्यांचेच तेल लावले. उपयोग झाला नाही.

४. याच सुमारास आपल्या कार्यालयाचे छायाचित्रकार आमच्या किनाऱ्यावर आले. लल्ला माझी भाकरी आणि कडेवर मलेकला घेऊन खुंटांपर्यंत आल्या होत्या. मी गुडघ्यांपर्यंत चिखलात. लल्ला स्वच्छ, डोक्याला चांगला रुमाल, कानात पोवळ्याचे डूल. छायाचित्रकार मला म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा, आईला पुढे येऊ द्या." मी बाजूला झाले. मला वाटले, चूक त्यांच्या लक्षात येईल. माझ्या तिसऱ्यांची टोपली उचलून त्यांनी लल्लांच्या पायांशी ठेवली. "अहो, आई मी नव्हे," असे आपण म्हटल्याचे लल्ला आजही सांगतात. वारा त्या वेळी त्यांच्याकडून माझ्याकडे वाहत होता. तरी मला ते ऐकू आले नाही.

भित्तिपत्रकावर ओळ आहे : "समुद्र पिकवते, लेक वाढवते." ओळ चांगली आहे. मागे उजव्या कोपऱ्यात एक बाई वाकून जाळीवरचे शेवाळ काढताना दिसते. तिची पाठ दिसते, आणि पाठीपेक्षा खालचा भाग अधिक. ती लाभार्थी मी आहे.

५. भित्तिपत्रकाचे परिणाम घरापुरते राहिलेले नाहीत. मलेकला लस टोचायला घेऊन गेले तर परिचारिकाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "हीच ना ती पोस्टरवाली? आज आई नाही आली? काकूला पाठवलं होय!" मलेकला सुई टोचली तेव्हा तिनेही हाक मारली ती माझ्या खांद्यावरून, दाराच्या दिशेने. मी हे घरी सांगितले. माझे पती मुख्तार ऑक्टोपस धरायची मडकी दोरीला बांधत होते, ते हसून म्हणाले, "मग आता काय, सरकारकडे अर्ज करून पोरगी परत मागणार आहेस?" सदर सूचना त्यांनी थट्टेने केली होती. तथापि मला ती योग्य वाटल्याने हा अर्ज करीत आहे.

६. भित्तिपत्रके उतरवावीत असे माझे म्हणणे नाही. चांगला कागद वाया जाऊ नये. ओळीखाली बारीक अक्षरांत "मुलीची आई मागे आहे" एवढे छापून जोडावे, बाणासह.

७. मुख्य विनंती वाफ्याची आहे. श्रीमती शादलिया या कष्टाळू, निरोगी व किनाऱ्यावरच्याच आहेत. त्यांची आई याच चिखलात तिसऱ्या काढत असे. घरात त्यांच्याकडे असे कोणतेही काम नाही जे त्यांच्यावाचून अडेल. (हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले आहे. तसेच राहू द्यावे.) त्यांना वाफा मिळाल्यास अटीप्रमाणे त्यांनाही प्रत्येक ओहोटीला घराबाहेर राहावे लागेल, व या विभागातील शिंपलेशेतीची वाढ होईल. एका घरात एकच वाफा, हा आपला नियम मला माहीत आहे. हा नियम करताना एका घरात दोन आया असू शकतात याचा विचार झालेला दिसत नाही. तरी आमच्या घरासाठी तो शिथिल करावा.

८. संमतीबाबत. मी प्रथम विचारले तेव्हा लल्लांनी साफ नाही म्हटले. "नको गं बाई तो चिखल! माझ्या आईचे पाय खाल्ले त्याने. लग्नाआधीच सांगितलं होतं मी, घरातलं सांगाल ते करीन, विळा नाही धरणार. आणि मला कमी काय आहे? घरात माझी मलेक आहे की." 'माझी' हा शब्द त्यांचा आहे. मी ताट पुसत होते, ते कोरडे झाल्यावरही पुसत राहिले.

हा अर्ज लिहिताना मात्र त्या शेजारी येऊन बसल्या. "वाच की, काय एवढं लिहितेस सरकारला?" मी वाचून दाखवला. सगळा नाही. मुख्य विनंतीचा परिच्छेद संपल्यावर त्या कितीतरी वेळ मलेकच्या केसांतून बोटे फिरवत राहिल्या.

"म्हणजे मी घरी नको आहे तुला," त्या म्हणाल्या.

माझ्याकडून संमतिपत्राचा कागद बाहेर काढण्यात आला.

"बरं. दे इकडे, सही करते. पण ऐक, सोंदेस. दोघी चिखलात, तर पोर कुठे? ती आपल्या गाढवगाडीत, किनाऱ्यावर. सासूबाईंना धावता येत नसलं तरी तिला धरून बसता येईल. आपण दोघी परत येऊ. मग सासूबाई तिला खाली सोडतील." त्या हसल्या, पण माझ्याकडे बघून नाही. "बघू, कोणाकडे येते."

सही त्यांनी केली आहे.

९. त्या क्षणापासून माझे चित्त ठिकाणावर नाही, म्हणून ही शेवटची विनंती. लल्लांना वाफा माझ्या शेजारी देऊ नये. खुंटांच्या शेवटच्या रांगेत, खोल पाण्याच्या कडेला काही जागा रिकाम्या आहेत, त्यांतील एक द्यावी. तिथे गाळ मऊ आहे व बीज चांगले धरते, हे शास्त्रीय कारण आपण नोंदवू शकता. भरतीचे पाणी तिथे आधी चढते, म्हणून तिथल्या बाईला आधी निघावे लागते, ही उणीव मी ध्यानात घेतली आहे. परंतु किनाऱ्याकडे येताना त्यांना माझ्या वाफ्यावरूनच यावे लागेल. त्या दुरून दिसतील. दिसल्या की मी काम सोडून त्यांच्या आधी गाडीकडे निघेन.

माझा वाफा आहे तिथेच, गाडीच्या बाजूला, ठेवावा.

आपल्या उत्तराची व पुढच्या ओहोटीची वाट पाहणारी,

(सही)
सोंदेस, मुख्तार यांची पत्नी
लाभार्थी, पहिली रांग
बोर्ज मालह, ३ नोव्हेंबर

सोबत :
१) श्रीमती शादलिया यांचे संमतिपत्र.
२) भित्तिपत्रकाची प्रत, माझ्या पाठीभोवती पेनने वर्तुळ करून.
३) मलेकचा जन्मदाखला, आईच्या नावाखाली रेघ मारून.