पितळेचा वास

मी, खाली सही करणारा, सोन्याच्या जुन्या मनगटी घड्याळांची पारख आणि खरेदी-विक्री करणारा दुकानदार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या लाजेपोटी लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच दाखल्यात डोळ्यांबद्दल जे लिहिले आहे तेही वाचावे. अक्षर मोठे आणि ओळी वाकड्या आहेत, त्याचे कारण तिथे मिळेल. यापूर्वी मी माझ्या मिळकतीबद्दल तोंडी, लेखी किंवा व्यासपीठावरून जे काही जाहीर केले असेल, ते सर्व या कागदाने रद्द समजावे. व्यासपीठावरून मी पुष्कळच जाहीर केलेले आहे. लोक मला पाठीमागे भोंगा म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

कलम एक. माझी सर्व पुस्तके ग्रंथालयाला द्यावीत. समासात मी जिथे जिथे 'साफ चूक' असे लिहिले आहे, ते खोडू नये. त्यातल्या निम्म्या ठिकाणी लेखकच बरोबर होता असे आता वाटते, पण ती ठिकाणे कोणती, हे मला पुन्हा वाचून ठरवता येणार नाही. ग्रंथालयाच्या चिटणीसांना मी माझी काळी छत्री देत आहे. ती त्यांच्याकडेच आहे. वेळ संपल्याचे सांगून त्यांनी आजवर अनेकदा माझा माईक बंद केला. त्याबद्दल माझा राग होता. तो मी सोडत आहे. एकदा त्यांनी तो बंद करायला हवा होता आणि केला नाही.

कलम दोन. दुकानावरच्या दोन खोल्या, भांडीकुंडी आणि दार न लागणारे कपाट यांसह, माझ्या मुलीला कोणत्याही अटीशिवाय मिळाव्यात. तिची आई हयात असती तर पुढची कलमे लिहायची वेळच आली नसती. तिने मला भर सभेत सदरा ओढून खाली बसवले असते.

कलम तीन. दुकान. हा कागद खरे तर यासाठीच लिहिला आहे.

बापाचे दुकान केवळ जन्मामुळे मुलाबाळांना मिळते, म्हणून जगभर नालायक माणसे गल्ल्यावर बसली आहेत, हे मी आयुष्यभर सांगत आलो. ते मत मी आजही मागे घेत नाही. मागच्या हिवाळ्यात ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत मी याच विषयावर बोललो आणि बोलता बोलता जाहीर केले की माझा वारस मी इथेच, सर्वांसमक्ष, परीक्षा घेऊन ठरवणार. टाळ्या झाल्या. टाळ्या झाल्या की मला पुढचे काही दिसत नाही, आणि ते डोळे अधू होण्याच्या आधीपासूनचे आहे.

परीक्षेला दोघे होते. एक माझी मुलगी. शाळा सुटली की दप्तर बाकाखाली ढकलून ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची आणि तिथेच हे काम शिकली. दुसरा माझा पुतण्या. तो माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो म्हणून घरात त्याला होयबा म्हणतात. मुलगा मनाने वाईट नाही.

टेबलावर निळे कापड अंथरून मी तीन घड्याळे मांडली. पहिले मोठे, भारदस्त, आरशासारखे चकचकीत. दुसरे नव्या पद्धतीचे, सोन्याच्या जाळीदार पट्ट्याचे. तिसरे ओरखड्यांनी भरलेले, तबकडी चहाच्या रंगाची झालेली. तिघांतले सर्वांत मोलाचे कोणते ते निवडायचे. भिंग वापरायचे नाही, मागचे झाकण उघडायचे नाही, फक्त हातात घेऊन सांगायचे, असा नियम मी केला. खरा पारखी हाताने ओळखतो, असे मी सभेला सांगितले. खरे कारण वेगळे होते. भिंगातून मला काही दिसेनासे झाले होते आणि ते कोणाला कळू द्यायचे नव्हते. पहिले घड्याळ अठरा कॅरेटचे असल्याचे मी स्वतः आधीच ठरवले होते. ते विकायला आलेल्या गृहस्थांचा कोट उत्तम शिवलेला होता.

पुतण्याने तिन्ही घड्याळे उचलली. पण तो घड्याळांकडे पाहतच नव्हता, माझ्या तोंडाकडे पाहत होता. पहिल्यावर माझी नजर रेंगाळली तसे त्याने ते उचलून धरले.

मुलीने पहिले घड्याळ घेतले. पट्टा अडकवायची जी शिंगे असतात त्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला. मग ते तळहातावर जोराने घासले आणि हात नाकाशी नेला. ते खाली ठेवून तिने ओरखड्यांचे घड्याळ उचलले.

"हे," ती म्हणाली.

मी माईक जवळ ओढून म्हणालो, "वास घेऊन निवडायला हे काय खरबूज आहे?"

सभागृह हसून लोटपोट झाले. मी तेवढ्यावर थांबलो नाही. वर्षानुवर्षे शेजारी बसवूनही काही डोक्यांत प्रकाश पडत नाही, हीच वारशाची शोकांतिका, असेही बोललो. पुतण्याच्या मनगटावर मी ते चकचकीत घड्याळ बांधले आणि दुकान त्याचे, असे सांगितले. मुलीने आपल्याकडच्या दुकानाच्या किल्ल्या निळ्या कापडावर ठेवल्या आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेली. त्या क्षणी मला काहीच कळले नाही. डोळ्यांनी दगा दिला होता.

तेव्हापासून ती समोरच्या औषधाच्या दुकानात एक कोपरा भाड्याने घेऊन घड्याळांचे सेल बदलते. रोज सकाळी जिना चढून येते, माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालते, बाटलीचे झाकण लावते आणि जाते. बोलत नाही.

उन्हाळ्यात पुतण्या माझ्याकडे बाही वर सारून आला. मनगटाभोवती हिरवट काळे कडे उमटले होते.

"काका, मला सोन्याची ॲलर्जी आहे का हो?" त्याने विचारले.

मी त्यालाच झाकण उघडायला लावले आणि आत काय कोरले आहे ते वाचायला सांगितले. त्याने वाचले: पितळ, वर सोन्याचा मुलामा. घड्याळ बनवणाऱ्याने काहीही लपवले नव्हते. विकणाऱ्या गृहस्थांनाही मी काही विचारले नव्हते. माझ्या नखाला आतला शिक्का लागला आणि तेवढ्यावर मी तो अठरा कॅरेटचा ठरवला होता. ओरखड्यांचे घड्याळ मात्र अस्सल होते. त्याला कधी कोणी पॉलिश केलेले नव्हते, त्यामुळे सोने झिजले नव्हते आणि मूळ तबकडी शाबूत होती. म्हणून ते तिघांत सर्वांत मोलाचे होते.

तरी माझे दुकान, आतली घड्याळे, तराजू, कसोटीचा दगड, भिंगे आणि चिमटे माझ्या मुलीला मिळावेत. ती माझी मुलगी आहे म्हणून नव्हे. परीक्षा मीच घेतली होती आणि ती उत्तीर्ण झाली होती. दुकान घ्यायचे की नाकारायचे, हे तिने ठरवावे. नाकारल्यास कोणीही तिला समजवायला जाऊ नये. मी तर नाहीच नाही.

कलम चार. पुतण्याला माझा निळा कोट आणि घोडा छापाची सायकल द्यावी. दुकान गेल्याचे त्याला सांगितले तेव्हा त्याने मान डोलावली, आणि पहिल्यांदाच मला ते खरे वाटले. त्याला तिथे बसायची भीती वाटत होती. तोंड पाहून किंमत करायची विद्या त्याने माझ्याकडूनच उचलली आहे. ती त्याने सोडावी.

कलम पाच. डोळे अधू झाल्यापासून ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून घड्याळाची किंमत करून घेतली, त्या सर्वांना दुकानाबाहेर पाटी लावून परत बोलवावे. त्या काळात मी घड्याळे तपासली नाहीत, गिऱ्हाइकांचे कपडे आणि बोलणे तपासले. नीट बोलणाऱ्याचे पितळ मी सोने म्हणून घेतले आणि अडखळत बोलणाऱ्या एका बाईंचे सोने बहुधा मातीमोल भावाने घेतले. दुसऱ्या चांगल्या पारख्याकडून पुन्हा किंमत करून घ्यावी आणि ज्याचे जे नुकसान झाले ते माझ्या बचतीतून भरून द्यावे. उरेल ते मुलीचे. काही उरले नाही तर तिला वाईट वाटणार नाही, एवढी तिची पारख मला आहे.

कलम सहा. मुलाम्याचे ते घड्याळ विकू नये, फेकू नये आणि माझ्या हाताला बांधून मला निरोपही देऊ नये. त्यात नाटक होईल, आणि नाटक मी पुरेसे केले आहे. ते दुकानात शिकायला येईल त्याच्या हातात द्यावे. त्याने ते, कडांवर मुलामा झिजला आहे त्या बाजूने, तळहातावर घासून पितळेचा वास घ्यावा. सोन्याला वास नसतो.

कलम सात. माझ्या मृत्यूनंतर ग्रंथालयाच्या सभागृहात सभा बोलवावी, पण भाषणे होऊ नयेत. त्याच माईकवरून फक्त हे मृत्युपत्र मोठ्याने वाचावे आणि मुलीची जाहीर क्षमा मागितली जावी.

वरील कलम सात मी रद्द करत आहे. कारण असे.

साक्षीदार म्हणून शेजारच्या शिंप्यांना बोलावले होते. मी डोळ्यांपुढे कागद धरून त्यांना सातही कलमे वाचून दाखवली. त्यांनी पेनचे टोपण काढले आणि पुन्हा लावले.

"म्हणजे तिने उत्तर द्यायला तुमच्या फोटोशी बोलायचं का?" ते म्हणाले.

मी युक्तिवाद केला. मरणोत्तर क्षमायाचनेला एक वेगळे गांभीर्य असते, वगैरे. शिंपी म्हणाले, "अहो, उलटून कोणी बोलू शकणार नाही अशीच सभा तुम्हाला आयुष्यभर हवी होती. मी नाही सही करत."

म्हणून मी चिटणीसांना सांगून सभा बोलावली. नेहमीपेक्षा जास्त लोक आले. भोंगा आता कोणावर वाजणार, हे पाहायला आले असावेत. मुलगी दाराजवळ उभी होती असे मला सांगण्यात आले. मी हा कागद वाचायला उभा राहिलो, आणि तिथल्या दिव्यात मला एकही अक्षर दिसेना. चिटणीस वाचायला पुढे आले. मी त्यांना नको म्हणालो. पाठ केलेले काही नव्हते. मी इतकेच बोललो:

"ते घड्याळ पितळेचं होतं. माझ्या मुलीला ते कळलं होतं. आणि तिने हात नाकाशी नेला तेव्हा मलाही कळलं."

टाळ्या झाल्या नाहीत.

तेव्हा कलम तीनमध्ये 'त्या क्षणी मला काहीच कळले नाही' असे जे लिहिले आहे, ते खोटे आहे. मृत्युपत्रातसुद्धा मी खोटे लिहिले. तळहात घासून वास घ्यायला तिला मीच शिकवले होते, त्या स्टुलावर, ती परकर-पोलक्यात होती तेव्हा. तिने हात वर नेला आणि मला कळले की आता माझ्या डोळ्यांचे गुपित उघडे पडणार. म्हणून मी हसवले. ते वाक्य खोडू नये. खोटे म्हणूनच ठेवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे आली. बाटली उघडली, माझी हनुवटी धरली. थेंब डोळ्यात जाईना.

"वर बघा, बाबा," ती म्हणाली. "गालावर सांडतंय."

एवढेच बोलली. मी वर पाहिले. थेंब घालून, बाटलीचे झाकण लावून ती गेली. दुकान घेणार की नाही, हे तिने सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही. तिच्या किल्ल्या मी त्या सभेतून निळ्या कापडासकट गुंडाळून आणल्या होत्या, त्या तशाच आहेत. माझ्या जिवंतपणी किंवा नंतर, तिच्याखेरीज कोणीही त्यांना हात लावू नये.

हा कागद मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष पूर्ण केला, आणि त्यांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या.

मृत्युपत्र करणारा: घड्याळांचा दुकानदार (सही, ओळीच्या जरा खाली गेलेली)

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी (सही, या वेळी न मागता केली)

साक्षीदार दुसरा: डोळ्यांचे डॉक्टर (सही)

स्थळ: दुकानावरची खोली, खिडकीजवळ, जिथून समोरचे औषधाचे दुकान दिसत असल्याचे मला माहीत आहे.

दिनांक: सभेनंतरचा दुसरा दिवस, थेंब घातल्यावर.