दुसरी खाट

चंपावन्सं,

वडीलधाऱ्या म्हणून पाया पडते, पण आज रागातच.

सोमवारी मी कुरवंड्याच्या शाळेत शिकवून घरी आले, तेव्हा आतल्या खोलीतली सासूबाईंची खाट तुमच्या टेम्पोत चढत होती. शेजारच्या अंबूबाईंना तुम्ही मला ऐकू जाईल असं म्हणालात, "येगळं निजायला दोघं काय पाव्हणं हायत? लय शिकली की नवरा लांब लोटायचा, व्हय ना?" सगळी आळी हसली. तुमचा भाऊ ओट्यावर मान खाली घालून बसला होता.

मी त्यांना लोटलं नाही. कारखान्यात स्फोट झाल्यापासून ते झोपेत ओरडतात, हात-पाय झाडतात. चैत्रात माझा डोळा सुजला, तेव्हा कपाटाचं दार लागलं असं मीच तुम्हाला सांगितलं होतं. त्या दिवशी हे ढसाढसा रडले आणि स्वतःच ती खाट आत नेऊन टाकली. "कुणाला सांगू नको, ताईला तर न्हाईच," एवढंच म्हणाले.

खाट गेल्यापासून हे आडवेच होत नाहीत. डोळा लागू नये म्हणून भिंतीला टेकून बसून राहतात. आणि भावाचा संसार वाचवला म्हणून तुम्ही तुमच्या गावी, तिकोणा पेठेत मिरवताय!

शब्द दिलाय, म्हणून हे पत्र फाडणार आहे. उद्या मात्र टेम्पो घेऊन तुमच्या दारात येते. सगळ्यांसमोर सांगीन, मी घोरते, तुमच्या भावाला झोप लागत नाही. हवं तेवढं हसा. खाट तेवढी द्या.

तुमची भावजय,
राजेश्वरी