स्टुलावर बसलेला माणूस

कुक्षी,
शनिवार, दि. १५ नोव्हेंबर २०२५

आदरणीय माधवीताईंना अजेयचा नमस्कार.

देवासला घरी सगळे बरे असाल. इथे थंडी सुरू झाली आहे. बाजारात कपाशीच्या गाड्यांची गर्दी आहे आणि लग्नसराईमुळे आमच्या छापखान्यातही काम पुष्कळ आहे. हा कागद लग्नपत्रिकेचाच आहे. छपाई बिघडली म्हणून बाजूला काढलेला, पण मागची बाजू स्वच्छ आहे. राग मानू नये.

दर शुक्रवारी आपले व्हिडिओ कॉलवर बोलणे होते, मग पत्र कशाला, असे तुम्हाला वाटेल. फोन काकांचा आहे. पत्रिकांची पाकिटे टपालात टाकायला मात्र मलाच पाठवतात. तुमचा पत्ता मी समुपदेशनाच्या संमतीच्या कागदावरून घेतला.

मी नववीपर्यंत शिकलो, तेही हिंदी शाळेत. मराठी आईने शिकवले, ती होती तोवर. कुठे चूक दिसली तर ती शिक्षणाची समजा, डोक्याची समजू नका.

पहिल्या दोन शुक्रवारी मी सांगितले ते सगळे खरे होते. बाबा गेल्यापासून घास उतरत नाही, छाती धडधडते, सकाळी उठावेसे वाटत नाही. तुमच्याशी बोलल्यावर मी त्या दिवशी नीट जेवलो. सुभद्राकाकूंनी ते कौतुकाने काकांना सांगितले.

त्यानंतर शालिग्रामकाका खोलीत बसू लागले.

फोन कागदांच्या गठ्ठ्याला टेकवलेला असतो. त्याच्या मागे स्टुलावर काका, सुपारी कातरत. तुम्ही दर वेळी आधी विचारता, "खोलीत कोण आहे?" मी सांगतो, कोणी नाही. एकदा तुम्ही म्हणालात, "अजेय, तू सारखा कुणाकडे बघतोयस?" मी म्हणालो, घड्याळाकडे. त्या भिंतीवर घड्याळ नाही. तुम्ही तेव्हा काहीतरी लिहून घेतलेत. काय लिहिले असेल, याचा मी फार विचार करतो.

ताई, मला आवाज ऐकू येत नाहीत. ते काकांनी पाठ करून घेतले आहे. "नुसतं रडून काय होतंय? सांग, कानात माणसं बोलतात म्हणून. काय बोलतात ते मी सांगतो तुला."

छापखाना अर्धा बाबांचा होता, म्हणजे आता माझा. काका काकूंना म्हणाले, "मॅडमनी लिहून दिलं की पोरगं कामातून गेलं, की पुढचं वकील बघतील." मी तिथेच पत्रिका मोजत उभा होतो. चुलतभाऊ मोनू तर गिऱ्हाइकांसमोर विचारतो, "क्यों भिया, आज कौन बोल रिया है कान में?" गिऱ्हाइके हसतात. आता मी काही बोललो तरी गावात कोणी खरे मानणार नाही.

मग तू काकांचे ऐकलेस कशाला, असे विचाराल. एकदा नाही ऐकले. तेव्हा मागच्या गोदामाला बाहेरून कुलूप लागले आणि मी आत होतो. त्याबद्दल मला लिहिता येणार नाही.

तुम्ही काळजीनेच मला धारच्या डॉक्टरांकडे पाठवलेत. त्यांनी दिलेल्या गोळ्या काका स्वतः देतात आणि नंतर जीभ वर करायला लावून बघतात. त्या गोळ्यांनी अक्षर वेडेवाकडे येते. हे पान मी तिसऱ्यांदा उतरवतो आहे.

आणि एक गोष्ट लिहू की नको असे सकाळपासून चालले आहे. काल छपाईचे मशीन बंद केले तेव्हा माझ्या कानाशी कोणीतरी "सांग" म्हणाले. मी वळून पाहिले. काका बाजारात गेले होते.

तो गोळ्यांचा परिणाम असेल, किंवा काकांचे बोलणे डोक्यात बसले असेल. नाहीतर काका जे सांगायला लावतात तेच खरे होत चालले असेल. मला आता कळत नाही. माझे काका मला बळेच वेडा ठरवताहेत, असे एखादा वेडाही लिहील, हेही मला माहीत आहे.

येत्या शुक्रवारी तुम्ही अहवाल पुरा करणार, आणि मला इंदूरच्या इस्पितळात भरती करायचे का तेही ठरवणार. तेवढे थांबवा. काकांना सांगा, समोर बसवून तपासल्याशिवाय अहवाल देता येत नाही. अहवालासाठी ते मला देवासला आणतीलच. मग मला एकट्याला आत घ्या, दार लावा आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून विचारा. मशीनजवळचा तो आवाजसुद्धा मी लपवणार नाही. ऐकून तुम्हाला पटले नाही, तर मी इंदूरला जाईन. पण आधी काकांशिवाय ऐका.

या पत्राला उत्तर लिहू नका. टपाल आधी काकांच्या हातात जाते. पत्र मिळाले असे शुक्रवारी चेहऱ्यावरही दाखवू नका. मला आनंद झाला तर तो लपवता येत नाही, आणि काका पूर्ण वेळ माझ्याकडेच बघत असतात.

तुमच्यावर हवाला ठेवून,
अजेय