माझं तोंड, दुसरीचा आवाज

लिव्हिओ,

चौकात पडदा लावून गावाने तुझा सिनेमा पाहिला. तुझ्या आजोबांना गोळी कुणी घातली, ते मी कॅमेऱ्यासमोर नाव घेऊन सांगितलं होतं. तेव्हा तू माझ्या हाताचा मुका घेतलास. पडद्यावर तोंड माझंच हललं, पण आवाज रोमच्या कुठल्याशा नटीचा निघाला. ती म्हणाली, "कोण होता कुणास ठाऊक."

पुढे बसलेला डॉन गास्पारे मागे वळला. "नातू शहाणा निघाला हो, नुंझिया."

सिनेमाला मिळालेलं बक्षीस तुला लखलाभ. पण बेकरीवाली सारीना जन्माची बहिरी, ओठ बघून बोलणं ओळखते. ती उठली आणि सगळ्यांदेखत गास्पारेकडे बोट रोखून उभी राहिली.

हे पत्र मी पाठवणार नाही. यालाही तू दुसरीचा आवाज लावशील.

आजी नुंझिया