जाई कुठून पडली?

३ मार्च, सोमवार

जाई पडली!

सकाळची शाळा. तिसरीच्या वर्गात फळ्यावर वजाबाकी लिहीत होते. सव्वादहाला सासूबाईंचा फोन. शाळेच्या वेळात आई कधीच फोन करत नाहीत. "अनुश्री, घाबरू नको. लेकरू जरासं पडलं." जरासं म्हणजे किती? विचारायच्या आत फोन बंद.

कुरुंद्याच्या शाळेतून वसमतच्या घरापर्यंत स्कूटी कशी आणली, आठवत नाही. शेताशेतात हळद शिजत होती, धुराने डोळे चुरचुरत होते, एवढंच आठवतं.

कपाळावर उजवीकडे टेंगूळ. लिंबाएवढं. मला बघून जाई हसली – दोन्ही दात दाखवून! रडले मीच.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, मान वळवून पाहिली. "काही नाही. उलटी झाली, सारखी गुंगीत राहिली तर लगेच आणा. आणि ताई, तुम्ही आधी पाणी प्या."

आई म्हणाल्या, "पलंगावरून पडली. मी पाणी घ्याया गेले अन् तेवढ्यात."

४ मार्च, मंगळवार

रजा घेतली. उलटी नाही. खिमट सगळं खाल्लं. टेंगूळ निळं पडलंय.

दुपारी चादर बदलताना एकदम लक्षात आलं. पलंगावर गादी आहेच कुठे? पंधरा दिवसांपूर्वी मीच ती खाली फरशीवर टाकली, जाई लोळते म्हणून. नुसत्या फळ्यांवर कोण झोपवेल नऊ महिन्यांच्या लेकराला?

विचारलं. आई चादरीची घडी घालू लागल्या. "पलंग न्हाई. दिवाण म्हणायचं होतं मला."

दिवाण बाहेरच्या खोलीत. पलंग आतल्या. एवढं कसं चुकतं माणूस?

५ मार्च, बुधवार

शाळेत गेले. मुलांनी विचारलं, "बाई, बाळाला लागलं का?" तीन बेरजा मीच चुकवल्या.

६ मार्च, गुरुवार

नचिकेतला फोन केला. बँकेत होता, हिंगोलीला; आठवडाभर तिकडेच असतो. "पोरं पडतातच गं. मीही पडलो असेन." पडली हे मला कळतं! कुठून पडली ते कळत नाहीये. तो म्हणाला, "आईवर संशय घेतेस का?" घेतेय का मी? माहीत नाही. मग मीच फोन ठेवला. वाईट वाटलं, पण पुन्हा लावला नाही.

संध्याकाळी शेजारच्या अंजलीताई गच्चीवर भेटल्या. सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "सोमवारी लै येळ रडत होती की जाई. तुमच्या स्वयंपाकघरातून आवाज येऊन राहिला होता. मला वाटलं, आजी उचलतील."

लै येळ.

पलंग, दिवाण, आता स्वयंपाकघर! आणि लेकरू रडत होतं तेव्हा आई होत्या कुठे? हट्टा गावातल्या बहिणीशी फोनवर बोलत बसल्या होत्या? घर उघडं टाकून कुठे गेल्या होत्या?

ताटावर बसले, पण जेवले नाही.

७ मार्च, शुक्रवार

आई जाईला उचलत नाहीत! तीन दिवस बघतेय. ती हात वर करते, "आ आ" करते, आणि आई फरशीवर बसूनच तिला जवळ ओढतात. काहून, विचारलं तर "गुडघे दुखून राहिले." सोमवारपर्यंत तर कडेवर घेऊन घरभर फिरायच्या.

रागावल्यात का माझ्यावर? मी विचारलं म्हणून? पडली त्यांच्याकडून आणि राग मलाच!

शिवाय मी शाळेत गेले की अंजलीताईंना बोलावून घेतात. रोज. अंजलीताईच म्हणाल्या, "एकटं करमत न्हाई म्हणतात." नात समोर असताना करमत नाही?

इथे खरं लिहिते. बाळंतपणाची रजा संपून गेल्या महिन्यात शाळा सुरू झाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. खडू हातात घेतल्यावर मी पुन्हा मी झाले, असं वाटलं. त्या तीन आठवड्यांत निवांतपणे डबा खाल्ला मी. आता तो प्रत्येक घास आठवतोय. मी घरी असते तर? पण माझ्याकडूनही पडली असती तर? काहीच कळत नाही.

८ मार्च, शनिवार

नचिकेत आला. जाईने त्याचा चष्मा ओढला. टेंगूळ उतरलंय, हिरवट-पिवळं झालंय. तो म्हणाला, "बघ, संपलं." माझ्यासाठी संपलं नाहीये.

९ मार्च, रविवार

ठरवलं. माझ्या आईला शिरड शहापूरहून बोलावून घेतलं, शाळेचं वर्ष संपेपर्यंत. ती मंगळवारी येतेय. "तूच सांग आईला," नचिकेत म्हणाला आणि जाईला घेऊन बाहेर गेला.

मीच सांगितलं. शब्द जुळवून ठेवले होते – तुम्हाला आराम, गुडघे वगैरे. वाटलं, रडतील. भांडतील. निदान "माझ्यावर भरवसा न्हाई का?" म्हणतील. त्याचंही उत्तर तयार होतं.

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "बरं झालं माय. लै बरं झालं."

सुटल्यासारखा श्वास सोडला त्यांनी! नातीपासून सुटल्या? मला काहीच समजेना. उत्तर तसंच राहिलं तोंडात.

१० मार्च, सोमवार

सकाळी निघताना चप्पल घातली, पुन्हा काढली. आत जाऊन विचारलं, "आई, काल तुम्हाला बरं काहून वाटलं?"

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मग –

"लेकरू कुठूनच पडलं न्हाई गं. मीच पडले. माझ्या कडेवर होतं ते. भात उतरवाया गेले अन् डोळ्यापुढं अंधारी आली. किती येळ पडून व्हते, मला ठावं न्हाई. डोळे उघडले तं जाई माझा पदर धरून रडून राहिली होती."

अशी अंधारी यायची ही तिसरी वेळ, म्हणाल्या. आधीच्या दोन्ही वेळा एकट्याच होत्या. कोणालाच बोलल्या नाहीत.

"काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं दिलं असतंस का लेकरू माझ्यापाशी?"

नसतं दिलं. जाईला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि खेटून बसले.

शाळेत कळवलं. नचिकेत हिंगोलीहून परस्पर नांदेडला येतोय. दहाच्या गाडीने आम्ही तिघी निघतोय, आईंना मोठ्या डॉक्टरांना दाखवायला.